उघडकीस न आलेली फसवणूक : शब्द, कागद आणि रंगभूमी

१. प्रश्नाची मांडणी

फसवणुकीविषयीची आपली चर्चा बहुधा ती उघडकीस आल्यानंतर सुरू होते. खटला उभा राहतो, साक्षी होतात, अपराध्याला शासन होते किंवा तो सुटतो. आणि फसवणुकीचा परिणाम म्हणजे या घटनांची मालिका अशी समजूत रूढ होते. परंतु जी फसवणूक कधीच उघडकीस येत नाही तिला परिणाम नसतो असे म्हणता येईल काय? प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात गायजेसच्या अंगठीची कथा योजून हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला होता. माणसाला अदृश्य करणारी अंगठी बोटात असताना तो न्यायाने का वागावा, असा त्या कथेचा रोख आहे. तेथे विचार मुख्यतः फसवणाऱ्याचा आहे. फसवला गेलेला, आणि ज्या समाजात हा व्यवहार घडतो तो समाज, यांच्याकडे पाहिले की प्रश्नाचे स्वरूप पालटते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार तीन अंगांनी केला आहे : मराठी शब्दसंपदा, धरमतर खाडीच्या परिसरातील खोतीचा इतिहास आणि मराठी नाटक. फसवणुकीचा परिणाम ती उघडकीस येण्यावर अवलंबून नसतो. उघडकीस आल्याने त्या परिणामाची केवळ फेरवाटणी होते, आणि ती फेरवाटणी नेहमी न्याय्य असतेच असे नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

२. शब्दांची साक्ष

मराठीत फसवणुकीला शब्दांची वाण नाही. ठकवणे, गंडवणे, नाडणे, दगा देणे, तोंडाला पाने पुसणे, केसाने गळा कापणे अशी ही संपन्न यादी आहे. यांपैकी शेवटचा वाक्प्रचार विशेष लक्षणीय होय. गळा सुरीने कापला तर तो हल्ला. केसाने कापला तर ती फसवणूक. ज्याच्यापासून अपाय संभवतच नाही असे आपण धरून चालतो, त्याच्याकडूनच अपाय होणे हा त्याचा आशय आहे. फसवणूक आणि पिळवणूक यांतील भेदही येथेच सापडतो. पिळवणुकीला बळ लागते; फसवणुकीला समोरच्याचा विश्वास लागतो. 'विश्वासघात' या शब्दात आघात होतो तो माणसावर नव्हे, विश्वासावर.

'वंचित' या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. संस्कृतात 'वञ्चित' म्हणजे फसवला गेलेला. मराठीत मात्र हा शब्द 'ज्याला काही मिळाले नाही तो' या अर्थाने रूढ झाला. फसवणाऱ्याचे काय झाले, तो सापडला की निसटला, याची नोंद या शब्दात नाही. फसवला गेलेला माणूस उणा राहतो, एवढाच परिणाम त्याने जपला आहे. अर्थांतराचे हे उदाहरण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर देऊन जाते.

उरलेले निम्मे म्हणींत आहे. 'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' ही म्हण सत्य बाहेर येणारच अशी ग्वाही देते. परंतु लोकानुभव एवढ्यावर थांबलेला नाही. 'खाई त्याला खवखवे' आणि 'चोराच्या मनात चांदणे' या म्हणी उघडकीस येण्यापूर्वीच्या अवस्थेविषयी बोलतात. अपराध्याला चांदणे नसतानाही चांदणे दिसते, म्हणजे त्याला सतत पाहिले जाण्याचे भय वाटते. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण तर त्याही पुढे जाते. खरा अपराधी सापडला नाही तरी शिक्षा राहत नाही. ती भलत्याच्या वाट्याला जाते.

३. खाडीकाठचा बांध आणि खोताची वही

पेणहून अलिबागकडे जाताना धरमतरच्या पुलाखालून अंबा नदीची खाडी जाते. या खाडीच्या दोन्ही अंगांची पुष्कळशी भातजमीन मुळात समुद्राची होती. भरतीचे पाणी अडवणारे मातीचे बांध घालून, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडून, वर्षानुवर्षांच्या श्रमाने ती लागवडीखाली आली. येथील शेतकऱ्याच्या बोलीत बांध फुटण्याला 'खांड जाणे' म्हणतात. खांड जाते ती एका रात्रीत. परंतु तिचा आरंभ पुष्कळदा खेकड्याच्या एखाद्या बिळातून झालेला असतो, आणि ते बीळ कोणी पाहिलेले नसते. खारे पाणी एकदा आत शिरले की पुढचे काही पावसाळे ती जमीन धड पीक देत नाही.

ही जमीन कसणाऱ्या कुळाचे कागदावरील स्थान काय होते? खोत हा मूळचा गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा मक्तेदार. तो जमिनीचा मालक की केवळ वसुलाचा अधिकारी, हा वाद इंग्रजी अमदानीत दीर्घकाळ चालला. व्यवहारात मात्र तो मालकासारखाच वागे. कुळाशी होणारा करार बहुतांशी तोंडी असे. खंड भरल्याची पावती सहसा मिळत नसे. हिशेब खोताच्या वहीत राही, आणि ती वही वाचणे निरक्षर कुळाच्या शक्तीबाहेरचे होते.

या व्यवस्थेतील किती खोतांनी वहीत खोटे लिहिले, हा प्रश्न येथे गौण आहे. वही तपासता येत नव्हती, हा मुद्दा महत्त्वाचा. अशा व्यवहारात लबाड खोताची लबाडी सिद्ध होत नाही हे उघडच आहे. परंतु सचोटीच्या खोताची सचोटीही सिद्ध होत नाही. कुळाला दोघांत फरक करण्याचे साधनच नसते. उघडकीस न आलेल्या फसवणुकीचा सर्वांत दूरगामी परिणाम हाच होय : ती प्रामाणिकपणाचा पुरावा नष्ट करते.

याची परिणती चरीच्या संपात झाली. धरमतरच्या पुलावरून पलीकडे गेल्यावर पोयनाडच्या परिसरात चरी हे गाव लागते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये विधिमंडळावर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला.

या संपाने कोणा एका खोताची एखादी विशिष्ट लबाडी चव्हाट्यावर आणली नाही. सहा वर्षे नांगर थांबले ते व्यवहारावरील विश्वासच संपला म्हणून. जमिनी ओस पडल्या, कुळांच्या घरी उपासमार आली आणि खोतांचा खंडही बुडाला. परिणामाने फसवणारा, फसलेला आणि प्रामाणिक असा भेद केला नाही.

यानंतरचे कायदे पाहिले म्हणजे दुखणे कोठे होते ते कळते. १९३९ च्या मुंबई कूळकायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आणली. १९४८ च्या कायद्याने खंडाची पावती देणे जमीनमालकावर बंधनकारक केले. १९४९ च्या कायद्याने खोतीच संपुष्टात आणली. जेथे शब्द पुरायला हवा होता तेथे पावती आली.

४. कागदावरचा अविश्वास

परंतु पावती हे अखेरचे उत्तर नव्हे, कारण कागदही फसवतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्याचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. खते, रोखे आणि वह्या यांवर होता. जाळले गेले ते कागद. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या अंगठ्याने कागद खरा ठरतो, आणि पुढे तोच कागद त्याच्यावर उलटतो. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांविषयीच्या कायद्याने ग्रामपातळीवर निबंधक नेमून त्यांच्या समक्ष दस्तऐवज लिहिण्याची तरतूद केली, ती या अनुभवातूनच.

महात्मा जोतीराव फुले यांचे लेखन या पार्श्वभूमीवर वाचावे. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात धर्माच्या मिषाने, तर दुसऱ्यात सरकारी कामगारांकडून शेतकरी कसा नाडला जातो याचे विवेचन आहे. त्याआधीचे 'तृतीय रत्न' (१८५५) हे नाटक आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरते. त्यात जोशी एका गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून तिच्या कुटुंबाला ऐपतीबाहेरच्या खर्चात लोटतो. विदूषक ही लबाडी प्रेक्षकांना आरंभापासून दाखवीत असतो. जोडप्याला ती ठाऊक नसते. म्हणजे फसवणूक पात्रांच्या दृष्टीने झाकलेली असतानाच तिचा परिणाम रंगमंचावर मूर्त होतो. पुढे ती कळल्यावर नाटक जोश्याला शासन घडविण्याकडे वळत नाही. ते जोडपे शिकण्याचा निश्चय करते. फुल्यांना भामट्याच्या शिक्षेपेक्षा फसणाऱ्याची दृष्टी महत्त्वाची वाटते. खोताच्या वहीसमोर बसलेल्या कुळाला नेमके हेच हवे होते.

५. उघडकीस येणे आणि रंगभूमी

फुल्यांचे नाटक या बाबतीत अपवादात्मक आहे. एरवी नाटकाला रहस्यस्फोट प्रिय असतो. त्यामुळे उघडकीस येणे म्हणजे न्याय होणे असा समज रंगभूमीने पोसला असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात मराठीतील महत्त्वाची नाटके या समजाला छेद देतात.

आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) मध्ये तर न्यायालयच रंगमंच होते. साक्षीमागून साक्ष होते, लखोबा लोखंडेची सोंगे एकेक करून उलगडतात. पण प्रेक्षक घरी घेऊन जातो ते लखोबाचे चातुर्य आणि त्याचे पालुपद. त्याने फसवलेल्या स्त्रियांची नावे किती जणांच्या स्मरणात राहतात? येथे उघड झालेल्या फसवणुकीने फसवणाऱ्यालाच नायकपण मिळवून दिले.

गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'संगीत शारदा' (१८९९) मध्ये वधूवर सगोत्र असल्याचे ऐन विवाहप्रसंगी उघड होते आणि भुजंगनाथाशी होणारे लग्न मोडते. व्यवहार करणारे भद्रेश्वर दीक्षित आणि कांचनभट. परंतु अर्ध्यावर मोडलेल्या लग्नाचा भार येतो शारदेवर. ती जीव द्यायला निघते. सत्य बाहेर आल्याने तिची सुटका झाली हे खरे. तरी तिच्या नावाला लागलेला बोल पुसायला शंकराचार्यांचा निर्णय लागतो.

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये ही विषम वाटणी पूर्णत्वास जाते. खेळातल्या खटल्यात लीला बेणारेचे खाजगी आयुष्य उघड केले जाते. तिला जवळ करून पाठ फिरवणारे प्राध्यापक दामले मात्र संपूर्ण नाटकात रंगमंचावर येत नाहीत. फसवणूक उघडकीस आली, आणि शिक्षा झाली ती फसलेल्या स्त्रीला. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' या म्हणीचे याहून कठोर नाट्यरूप मराठीत क्वचितच आढळेल.

६. समारोप

या विवेचनाचा आपल्या वर्गाशीही संबंध आहे. महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ साली आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविषयी २०१८ मध्ये नियम केले आणि प्रबंधांतील साम्य यंत्राने मोजले जाऊ लागले. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु तिने एक नवी सवय लावली : साम्य ठरावीक टक्क्यांच्या आत आले की लेखन स्वतःचे झाले, असे मानण्याची. शब्द बदलून घेतलेली दुसऱ्याची मांडणी, किंवा अन्य भाषेतून ऋणनिर्देशाशिवाय उचललेले विवेचन, यंत्राच्या नजरेतून सहज निसटू शकते. ते निसटले म्हणून परिणाम टळत नाही. ज्याने तसे लिहिले तो पदवी घेऊन वर्गात उभा राहतो तेव्हा जे शिकायचे राहिले ते विद्यार्थ्यांनाही मिळत नाही. मूळ अर्थाने आणि रूढ अर्थाने, दोन्ही प्रकारे ते वंचित होतात. आणि ज्या विद्यार्थ्याने पाच वर्षे ग्रंथालयात बसून स्वतः लिहिले त्याच्या प्रबंधाकडेही परीक्षक संशयाने पाहतो. सचोटीच्या खोतासारखी त्याचीही सचोटी सिद्ध होत नाही.

म्हणून 'सापडला काय?' हा फसवणुकीविषयीचा पहिला प्रश्न असू नये. शब्दाने, कागदाने आणि रंगभूमीने दिलेली साक्ष पाहता 'भार कोणी वाहिला?' हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. शिक्षा हे न्यायालयाचे काम आहे. हा प्रश्न विचारणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. भरतीच्या आधी बांधावरून चालत जाऊन बिळे शोधणारा खाडीकाठचा शेतकरी खांड जाण्याची वाट पाहत नाही.