हिवाळा धावण्याचा की सायकलचा?

गोव्याची ‘आयर्नमॅन ७०.३’ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उरकली, की पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबईतल्या अनेक ट्रायथलीटांचा ऑफ-सीझन सुरू होतो. मिरामारला १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणं, सगळं साडेआठ तासांच्या आत. यातून सुटलेला माणूस पंधरा दिवस मनसोक्त झोपतो, खातो आणि मग हमखास मुंबई मॅरेथॉनचं नाव काढतो. ती जानेवारीत असतेच, थंडीही पडायला लागलेली असते आणि ग्रुपमधले सगळे धावत असतात. सायकल मात्र भिंतीला टेकते ती होळीपर्यंत. पुढे या सवयीला शास्त्राचं पाठबळ शोधलं जातं आणि काही समजुती घट्ट होतात.

‘माझं रनिंग कच्चं आहे, म्हणून थंडीत फक्त रनिंग’

रनिंग कच्चं आहे हे ठरवलं कशावरून? बहुतेक जण शर्यतीच्या निकालाकडे बोट दाखवतात: शेवटच्या टप्प्याला पावणेतीन तास लागले. पण तो आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. त्याच्या शेजारी ताज्या पायांनी धावलेल्या हाफ मॅरेथॉनची वेळ ठेवून बघा. एखादी व्यक्ती नुसती हाफ दोन तासांत पुरी करत असेल आणि ट्रायथलॉनमध्ये तेच अंतर तिला पावणेतीन तास घेत असेल, तर तो पाऊण तास धावता येत नाही म्हणून गेलेला नाही. थोडा फरक सगळ्यांनाच पडतो. गोव्याचं ऊन आणि दमट हवा त्यात भर घालतात. एवढी मोठी तफावत मात्र बहुतेक वेळा सायकलवर तयार झालेली असते. सुरुवातीच्या उत्साहात पाय जास्त जोरात मारले, किंवा तीन-साडेतीन तास सलग सीटवर बसायची तयारीच नव्हती, किंवा खाणंपिणं चुकलं. अशा व्यक्तीने हिवाळाभर इंटरव्हल धावून काढले, तर तिची हाफ सुधारेल. गोव्यातली शेवटची पाच किलोमीटर ती पुन्हा चालतच जाईल.

याउलट, जिची नुसती हाफच अडीच तासांची आहे आणि ट्रायथलॉनमध्ये पावणेतीन, तिचं रनिंग खरोखर कच्चं आहे. तिने खुशाल धावावं. पुढचं सगळं पहिल्या प्रकारातल्या लोकांसाठी आहे आणि माझ्या पाहण्यात तेच अधिक आहेत.

‘सायकलवर घाम गाळून मिनिटं किती वाचणार?’

या प्रश्नात तथ्य आहे, म्हणूनच तो गोंधळात टाकतो. सपाट रस्त्यावर तीसच्या वेगाने सायकल चालवताना सर्वांत मोठा अडथळा हवेचा असतो आणि तो भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरचा वेग ३३ करायचा, तर हवेशी झुंजायला सुमारे ३३ टक्के जास्त वॉट लागतात. म्हणजे ताकद १० टक्क्यांनी वाढवली, तरी वेग जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि तीन तासांच्या सायकलिंगमध्ये पाच-सहा मिनिटं वाचतात. धावताना हवेचा अडथळा किरकोळ असतो, त्यामुळे तिथे १० टक्क्यांची सुधारणा जवळजवळ तशीच्या तशी वेगात उतरते: सव्वादोन तासांची हाफ दोन तास तीन मिनिटांवर येते. हिशेब रनिंगच्या बाजूने लागला म्हणायचा!

फक्त या हिशेबात वाढलेली ताकद वेगावर खर्च करायचीच, असं गृहीत धरलंय. तसं कशाला करायचं? साधारण तासभर टिकवता येणारी तुमची ताकद २०० वॉट असेल आणि शर्यतीत तुम्ही १५० वॉटने चालवत असाल, तर तुम्ही क्षमतेच्या ७५ टक्क्यांवर आहात. हिवाळ्यात ती क्षमता २२० झाली आणि शर्यतीत तुम्ही १५० वरच राहिलात, तर ६८ टक्क्यांवर आलात. सायकलचा वेग तोच, वेळही तीच. पण उतरताना मांड्यांत जीव असतो, साखरेचा साठा शिल्लक असतो आणि पोट खाणं स्वीकारत असतं. सायकलिंगमधल्या सुधारणेचा मोठा वाटा निकालात सायकलच्या रकान्यात दिसतच नाही, तो रनिंगच्या रकान्यात दिसतो.

‘मग धावणं बंदच करू, सायकलने दम टिकतोच’

दम टिकतो हे खरं. हृदय आणि फुप्फुसांना पाय पेडलवर आहेत की रस्त्यावर, याचं फार सोयरसुतक नसतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजक्या अव्वल ट्रायथलीटांच्या सरावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही सायकलिंग आणि रनिंगचा फायदा एकमेकांना मिळताना दिसला, पोहणं मात्र आपल्यापुरतंच राहिलं. पण हाडं आणि कंडरांचा मामला वेगळा आहे. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून येतो आणि स्नायू ताणले जात असतानाच त्यांना जोर लावावा लागतो. लाँग रननंतर जिना उतरताना मांड्या दुखतात त्या यामुळेच. सायकलवर हा आघात नसतो. तीन महिने नुसती सायकल चालवून मार्चमध्ये कोणी एकदम पंधरा किलोमीटर धावायला गेलं, तर छाती सहज साथ देते आणि नडगी, टाच किंवा पोटरी मोडता घालते. दम शाबूत असल्यामुळेच माणूस थांबत नाही, हा यातला खरा धोका.

म्हणून धावणं चालू ठेवायचं, पण किती? इथे अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट हिक्सन यांचे १९८० च्या दशकातले प्रयोग फार उपयोगाचे आहेत. त्यांनी काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून सायकलिंग आणि रनिंग करून घेतलं आणि पुढचे पंधरा आठवडे सराव कमी केला. दिवस सहावरून दोनवर आणले, तरी शरीराची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकून राहिली. दुसऱ्या प्रयोगात रोजची ४० मिनिटं १३ वर आणली. तीच क्षमता तेव्हाही टिकली, दीर्घ दमाची ताकद मात्र थोडी घटली. तिसऱ्या प्रयोगात दिवस आणि मिनिटं तीच ठेवून जोर कमी केला आणि तेव्हा क्षमता घसरली. कमावण्यापेक्षा राखायला पुष्कळ कमी लागतं, फक्त जोर सोडायचा नाही.

त्यामुळे ‘दोन्ही एकदम वाढवू’ हा हट्टही अनाठायी आहे. नोकरी, घर सांभाळून आठवड्याचे सात-आठ तास मिळणाऱ्याने तीन-चार दिवस सायकलला द्यावेत आणि तीनदा धावावं: दोनदा अर्धा-पाऊण तास आरामात आणि एकदा थोडं लांब, त्यातली काही मिनिटं वेगात. दोन्हींचे हृदयाच्या ठोक्यांचे टप्पे वेगवेगळे काढा. तेवढ्याच मेहनतीला धावताना ठोके सहसा जास्त पडतात, त्यामुळे रनिंगचे आकडे सायकलवर लावले तर सोपी राइडही कधी अवघड होऊन बसते ते कळत नाही. सायकलवरून उतरून लगेच धावायचे ब्रिक या काळात नाही केले तरी चालतं.

‘बीआरएम केल्या की सायकलिंग झालंच’

बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, ही सुंदर गोष्ट आहे, आणि हिवाळ्यात आपल्याकडे त्या भरपूर होतात. पण २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे वाटेतल्या मिसळीसह सरासरी ताशी पंधराच्या आसपास. त्याने सीटवर बसायची सवय होते, रात्रीची भीती जाते, खाण्याचं गणित कळतं. वॉट वाढत नाहीत. त्यासाठी दहा-वीस मिनिटांचे कसून मारलेले तुकडे लागतात. सिंहगडाचा किंवा खंबाटकीचा चढ आहे, नाहीतर घरातला ट्रेनर आहे.

आणि पाश्चात्त्य देशांतल्या तयार वेळापत्रकांबद्दल एक. तिथला हिवाळा बर्फाचा, त्यामुळे लांब राइड वसंतावर ढकललेल्या असतात. आपलं उलट आहे. गोव्याच्या तयारीचे ऐन महिने जून ते सप्टेंबर, म्हणजे निसरडे रस्ते आणि पाण्याखाली लपलेले खड्डे. पावसात धावायला मजा येते, सायकल मात्र जपून चालवावी लागते. कोरडे रस्ते आणि थंड सकाळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मिळते, आणि नेमके तेच महिने आपण मॅरेथॉनला देऊन टाकतो.

मुंबईला धावायचंच असेल, तर फुलऐवजी हाफला नाव घाला. फुलसाठी डिसेंबरभर तीस-तीस किलोमीटरचे लाँग रन लागतात आणि नंतरचे दोन-तीन आठवडे पाय सावरण्यात जातात. हाफ तेवढ्या तीन दिवसांच्या धावण्यावरही नीट होते, आणि पुढच्या शनिवारी सायकल पुन्हा घाटात असते.