धीर म्हणजे नुसते थांबणे नव्हे



फाल्गुन सरत आला की आपल्या लामता परिसरात रानाचा रंग पालटतो. पळस पेटल्यासारखा फुलतो, मोहाची पाने गळून जातात, आंब्याच्या मोहोरात बारीक कैऱ्या दिसू लागतात. धानाच्या बांध्यांतली लाखोळी आणि जवस खळ्यावर आलेले असते, हरभरा काढणीला आलेला असतो. कामे चहूकडून एकदम अंगावर येतात आणि प्रत्येक काम लवकर उरकून टाकावे असे वाटू लागते. याच दिवसांत आपला उपवासकाळही येतो. म्हणून या वेळी आम्ही धीर या एकाच गुणाविषयी लिहीत आहोत.

धीर धरा, असे सांगणे सोपे असते. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की हात बांधून गप्प बसायला सांगितले आहे. संत याकोबाने आपल्या पत्रात धीराचा दाखला दिला तो शेतकऱ्याचा. शेतकरी कधी हात बांधून बसत नाही. तो नांगरतो, पेरतो, निंदण करतो, राखण करतो. मात्र कणसात दाणा भरण्याचे काम तो आपल्या हाती घेत नाही. आपल्या वाट्याचे काम रोज करणे आणि जे आपल्या वाट्याचे नाही त्यात हात न घालणे, या दोन गोष्टी मिळून धीर होतो. घरातल्या आणि रानातल्या चार उदाहरणांवरून हे पाहू.

लोकरीचा गुंडा

चैत्राच्या उन्हात लोकरीचे नाव काढले तर कोणीही हसेल. पण कार्तिकात थंडी पडल्यावर सुया हातात घेतल्या, तर स्वेटर संपेपर्यंत अर्धा हिवाळा निघून जातो. विणकामाला आरंभ करण्याचे दिवस हेच. थोडा हिशेब करू. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या स्वेटरचा घेर ६० सेंटीमीटर आणि उंची ३० सेंटीमीटर धरा. मध्यम जाडीच्या लोकरीचे १० सेंटीमीटर रुंदीत साधारण २२ टाके आणि तेवढ्याच उंचीत ३० ओळी बसतात. म्हणजे पुढची व मागची बाजू मिळून सुमारे १२,००० टाके झाले, बाह्या वेगळ्या. आकडा ऐकून धास्ती वाटते. पण रोज ४०० टाके घातले तर हे काम ३० दिवसांत होते, आणि सराव असलेल्या हाताला ४०० टाक्यांना अर्धा तासही लागत नाही. दुपारच्या उन्हात हात घामेजतात आणि लोकर मळते. म्हणून सकाळची किंवा दिवे लागणीनंतरची वेळ बरी.

विणकाम आणखी एक गोष्ट शिकवते. टाका सुटला आणि चटकन लक्षात आला, तर क्रोशाच्या सुईने तो वर उचलून घेता येतो. लक्षात येऊनही तसाच पुढे रेटला, तर पुढे पाच-दहा ओळी उसवाव्या लागतात. उसवणे म्हणजे हार नव्हे. लोकर तीच राहते, फक्त ती पुन्हा नीट विणायची असते. उलट-सुलट टाक्यांच्या एकसारख्या लयीत मनही शांत होते. हे काम केवळ बायकांचे असेही मानू नये. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ पुरुष मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातत आले आहेत.

ज्या घरी बाळ यायचे आहे त्या घरासाठी एक सूचना. नवजात बाळाच्या डोक्यातून अंगाची ऊब पुष्कळ जाते, म्हणून हिवाळ्यात आणि पावसाळ्यात टोपडे उपयोगी पडते. कमी वजनाच्या बाळाला तर टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरणे फार हिताचे असते. मात्र टोपड्याला गळ्याशी आवळणारी नाडी किंवा सुटणारे बटण लावू नये, आणि भर उन्हाळ्यात लोकरीत बाळ गुंडाळू नये.

परसातील वेल

आता अंगणात येऊ. काकडी, दोडका, कारली, दुधी हे उन्हाळी वेल लावण्याचे हे दिवस. कारल्याचे व दोडक्याचे बी कठीण कवचाचे असते. ते रात्रभर पाण्यात भिजवून लावावे आणि मग आठ-दहा दिवस वाट पाहावी. पुष्कळ घरी चौथ्या दिवशीच माती उकरून पाहतात. उकरताना जो नाजूक मोड तुटतो, तोच त्या वेलाचा जीव असतो. पपईला तर दोन-तीन आठवडे लागतात. दुसरी घाई पाण्याची. बी उगवत नाही म्हणून दिवसातून तीनदा पाणी ओतले की माती चिकट होते, बी सडते, आणि उगवलेले रोप बुडाशी कुजून आडवे पडते. माती बोटाला ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. आपल्या हातचे काम एवढेच.

शेणखताची गोष्टही तशीच. ढिगाऱ्यातले खत कुजायला चार-पाच महिने लागतात. अर्धे कच्चे खत बांधीत टाकले तर त्याबरोबर वाळवी आणि हुमणीही शेतात जाते, आणि कुजण्यासाठी लागणारे नत्र ते मातीतूनच ओढून घेते. पीक पिवळे पडते. खत हातात घेऊन पाहावे. ते भुसभुशीत व काळसर असेल आणि त्याला शेणाचा नव्हे तर मातीचा वास येत असेल, तरच ते तयार झाले असे समजावे.

खळ्यावरचा हरभराही धीर मागतो. दाताखाली दाणा कडकन फुटला नाही तर तो अजून ओला आहे. ओला दाणा कोठीत भरला की बुरशी येते आणि भुंगे लवकर लागतात. दोन उन्हे अधिक दिली तर वर्षभराची डाळ वाचते. आंब्याखाली बारीक कैऱ्यांचा सडा पडला म्हणूनही घाबरू नये. एका मोहोरात शेकडो फुले असतात आणि शेवटास जाणारी फळे एक-दोनच. झाड आपल्याला पेलेल तेवढेच ठेवते. मोहोर भर फुललेला असताना विषारी फवारणी मात्र करू नये. फलधारणा घडवणाऱ्या माश्या व कीटक त्याने मरतात.

मोहाचे झाड

आता रानाकडे जाऊ. मोहाचे फूल तोडावे लागत नाही. ते पहाटेपासून आपणहून गळते आणि एका झाडाची फुले दोन-तीन आठवडे थोडी थोडी पडत राहतात. झाडाने स्वतःच ही रीत घालून दिली आहे. पण वेचायला सोपे जावे म्हणून पुष्कळ जण आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. चैत्राचा वारा ती आग तेथे थांबू देत नाही. एका सकाळचे काम हलके करण्यासाठी लावलेली काडी पूर्ण टेकडी जाळते. आरक्षित वनात अशी आग लावणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हाही आहे.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. झाडाखाली उगवलेली मोहाची लहान रोपे दरवर्षी जळतात. आपल्या बांधांवरील मोह पाहा: झाडे बहुतेक आजोबा-पणजोबांच्या वेळची, आणि तरुण झाड क्वचितच. बियांपासून लावलेल्या मोहाला फूल यायला आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. आज जाळलेले रोप म्हणजे आपल्या नातवाची टोपली होय.

मग करावे काय? पाचोळा खराट्याने झाडून आळ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकावा. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरावी. फुले स्वच्छ मिळतात आणि माती-खडे निवडण्याचा वेळ वाचतो. फुले चार-पाच दिवस चांगल्या उन्हात वाळवावी. पुढे पावसाच्या आरंभी ताज्या बिया लगेच लावाव्या; जुनी बी सहसा उगवत नाही.

सहा महिन्यांचे औषध

शेवटचे उदाहरण देहाचे आहे, आणि घाईचे मोल तेथे सर्वांत अधिक पडते. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने बर्लिन येथे क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो, आणि तो नेमका आपल्या मोहाच्या हंगामात येतो.

क्षयाचा जंतू फार संथ असतो. अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात, आणि काही जंतू तर देहात निजून राहतात. औषध जागत्या जंतूवर लवकर चालते, निजलेल्यावर नाही. म्हणून साध्या क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. रोग्याला मात्र तीन-चार आठवड्यांतच बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, भूक लागते, अंगात बळ येते. तेवढ्यात मोहाचे दिवस येतात, पाठोपाठ तेंदूपत्ता येतो, कोणी मजुरीसाठी दूर जातो. दवाखान्याची तारीख चुकते आणि गोळ्या बंद होतात. उरलेले जंतू मग पुन्हा वाढतात, कधी औषधाला दाद न देणारे होतात, आणि तोच रोग घरातल्या लेकरांना लागतो.

तेव्हा बरे वाटले म्हणून औषध सोडू नये. ते सोडण्याचे केवळ डॉक्टरांनीच सांगावे. रानात जायचे असेल तर गोळी घेऊन जावे. परगावी जायचे असेल तर आधी दवाखान्यात कळवावे. उपचार त्या गावच्या सरकारी केंद्रात पुढे चालू ठेवता येतो. गोळ्यांमुळे लघवी नारिंगी झाली तर घाबरू नये. डोळे पिवळे दिसले, अन्नाची शिसारी आली किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि मोहाची दारू या काळात एक घोटही घेऊ नये. ही औषधे यकृतावर आधीच भार टाकतात. त्यात दारूची भर जिवावर बेतू शकते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. सकस आहारासाठी नि-क्षय पोषण योजनेतून एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली आहे. ती डाळ, अंडी व दूध यांवरच खर्च व्हावी.

घरच्यांचाही यात वाटा आहे. रोज ठरल्या वेळी गोळी आणि पाणी हातात देणे हे स्वेटरच्या रोजच्या सहा ओळींसारखेच आहे. एका दिवसाचे काम लहान दिसते, पण माणूस त्यानेच वाचतो.

या पंधरवड्यात एवढे करावे

झाडाखाली काडी न लावता खराटा चालवावा. वेलाचे बी उकरून पाहू नये. हरभरा दाताने तपासूनच कोठीत भरावा. घरात सुया असतील तर हिवाळ्याच्या स्वेटरचे पहिले टाके घालावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेला कोणी घरी किंवा शेजारी असेल, तर त्याला थुंकी तपासायला घेऊन जावे. ज्याचे औषध चालू असेल, त्याच्या गोळ्या पुढील तारखेपर्यंत पुरतात की नाही ते आजच मोजून पाहावे.