होडीच्या काठाला भोक पाडण्यापूर्वी

गरी टाकून मासे पकडणे कोकणात जुनेच आहे. हातदोरीने गरवणारा माणूस माशाची ओढ थेट बोटांवर घेतो. काठी आणि रीळ आल्यावर मात्र नवा प्रश्न उभा राहिला. एका हाताने इंजिनाचा दांडा धरणाऱ्या माणसाने काठी ठेवायची कुठे? होडीच्या काठावर बसवायची तिरकी नळी, म्हणजेच बाजारातला ‘रॉड होल्डर’, हे त्याचे उत्तर. फायबरच्या लहान होडीवर तो कसा बसवावा, हे येथे सांगतो.

होडीला भोक पाडायचे म्हटले की जाणत्यांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या घरीही पडली. ‘जिच्यावर पोट चालते तिला भोक कशाला?’ हा वडिलांचा प्रश्न रास्तच होता. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी शाळेतली तरफ विसरलो नव्हतो. कागदावर हिशेब मांडला. समजा, मासा ५ किलोच्या जोराने ओढतो आहे आणि काठीचे टोक नळीपासून १५० सेंटीमीटर दूर आहे. नळीच्या बुडाचे पुढचे-मागचे बोल्ट ७.५ सेंटीमीटर अंतरावर असतील, तर एका बाजूच्या बोल्टांवर सुमारे १०० किलोची ओढ येते. काठी वाकते म्हणून प्रत्यक्षात ती कमी भरते. पण गळ खडकात अडकून होडी पुढे चालली, तर वाढतेही. तेव्हा काळजी भोकाइतकीच त्याखालच्या आधाराची करायला हवी.

प्रथम जागा ठरवावी. नळी बसल्या जागी हाताला यावी, पण जाळे ओढताना आड येऊ नये. काठाखाली हात घालून तेथे वायर किंवा तेलाची नळी नाही ना, हे पाहावे. होल्डर मागे व थोडा बाहेर कललेला असावा. म्हणजे दोन्ही बाजूंच्या दोऱ्या गुंतत नाहीत.

खुणेवर कागदी चिकटपट्टी लावून गोल करवतीने भोक पाडावे. सुरुवातीला ड्रिल उलटे फिरवले तर वरच्या गुळगुळीत थराचे टवके उडत नाहीत. फायबरच्या थरांमध्ये लाकूड असेल तर कापलेली कड इपॉक्सीने बंद करावी. पाणी मुरले की लाकूड आतल्या आत कुजते आणि वरून काही दिसत नाही.

स्क्रू वापरू नयेत. ते फायबरमधून उपसून येतात. आरपार बोल्ट घालावेत, खाली जाड फायबरची पट्टी, रुंद वायसर आणि सैल न होणारे नट लावावेत. बोल्ट ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत. त्यातील मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्यात अधिक टिकतात. घट्ट आवळण्याआधी नळीच्या कडेखाली सागरी सीलंट भरावे.

शेवटी काठी घालून किनाऱ्यावरच जोर लावून पाहावा. काठ लवला तर खालची पट्टी मोठी घालावी. समुद्रात काठी गेली तर पैसे जातात. काठाला तडा गेला तर ऐन हंगामातले दिवस जातात.