संगणक, जवळून : झेड ड्राइव्ह असतो कुठे?

मागच्या लेखांकात एकाच खोलीतले दोन संगणक राउटरला जोडले. आज खोलीबाहेर पडू. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत टेक्स्टाइल पार्क आहे. समजा, तिथल्या एका शेडमधल्या संगणकात चलनं आणि डिझाइनं आहेत, आणि हिशेब पाहणारी ताई अमरावतीत घरी बसून काम करते. पेनड्राइव्ह देऊन रोज कुणाला तरी हायवेनं पळवण्यापेक्षा तिकडचं फोल्डरच तिच्या संगणकावर ड्राइव्ह म्हणून दिसलं तर?

विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडायचं. अक्षर बहुधा झेड सुचवलं जातं. पत्ता असा लिहायचा : दोन उलट्या तिरक्या रेघा, तिकडच्या संगणकाचं नाव, पुन्हा एक रेघ, फोल्डरचं नाव. मग युजरनेम, पासवर्ड. झालं.

पण हा पत्ता शेडच्या नेटवर्कपुरताच चालतो. घरून चालावा म्हणून कुणी राउटरवर ४४५ नंबरचं पोर्ट उघडून देत असेल, तर त्याला तिथंच थांबवा. फाइल शेअरिंगची एसएमबी पद्धत याच पोर्टावरून चालते, आणि मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा व्हायरस जगभर पसरला तो तिच्या जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. आधी व्हीपीएन, म्हणजे शेडच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग जोडा, मग झेड उघडा.

फाइलींचा साठा नेक्स्टक्लाउडसारख्या वेबवरच्या ठिकाणी असेल तर वेबडॅव ही पद्धत वापरतात. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'च्याच चौकटीत वेबचा पत्ता टाकायचा. इथं एक अडचण हमखास येते. विंडोज मुळात ५ कोटी बाइट्सपेक्षा, म्हणजे साधारण ४७ एमबीपेक्षा मोठी फाइल वेबडॅववरून घेत नाही. डिझाइनची फाइल सहज त्यापुढे जाते. रजिस्ट्रीत ही मर्यादा ४ जीबीपर्यंत वाढवता येते. मी मात्र आरक्लोन हे मोफत साधन पसंत करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झेड सी आणि डी ड्राइव्हच्या शेजारी दिसतो, म्हणून तो आपल्याच डिस्कवर आहे असं वाटतं. तसं नसतं, फाइल तिकडेच असते, आपण फक्त दार उघडलेलं असतं. एका पावसाळी दुपारी मी झेडवरची एक्सेल फाइल उघडून दीडशे नोंदी केल्या, सेव्ह दाबलं आणि त्याच क्षणी तिकडची लाइट गेली. झेडवर लाल फुली आली. फोन लावला तर पलीकडून, "भाऊ, इथं तं सारंच बंद हाये!" संध्याकाळी फाइल उघडलीच नाही. तेव्हापासून मोठी फाइल मी आधी डी-ड्राइव्हवर उतरवतो, काम संपवतो आणि मगच परत ठेवतो.

आणि डिलीट दाबण्याआधी दोनदा बघा. नेटवर्क ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तुमच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही. तिकडे कुणी बॅकअप ठेवला नसेल तर ती गेलीच. तो बॅकअप कसा लावायचा, ते पुढच्या आठवड्यात.