घडीचा चाकू : चाळीस हजारांत नेमके काय मिळते?

सफरचंद कापणे, कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी फोडणे, सुतळी तोडणे, पेन्सिलीला टोक काढणे. खिशातल्या चाकूकडून शहरी माणसाची अपेक्षा बहुधा एवढीच असते आणि ती शंभर-दीडशे रुपयांचा चाकूही पुरी करतो. असे असताना चारशे-पाचशे डॉलर किमतीच्या घडीच्या चाकूंचा बाजार अमेरिकेत आणि युरोपात गेली तीसएक वर्षे जोमाने चालू आहे. रोज जवळ बाळगायच्या वस्तूंना तिकडे 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. घड्याळ, पेन, बॅटरी यांच्याबरोबरीने चाकूलाही त्या यादीत मानाचे स्थान आहे. परदेशी नातलगांकरवी असा चाकू मागवू पाहणाऱ्याने खर्च करण्यापूर्वी हे पैसे कशासाठी मोजायचे, ते समजून घ्यायला हवे.

विक्रेते सर्वप्रथम पोलादाचे नाव सांगतात आणि ग्राहकही तेच विचारतो. प्रत्यक्षात महागड्या चाकूची बरीचशी किंमत पात्याच्या बिजागरीत आणि पाते उघडे धरून ठेवणाऱ्या लॉकमध्ये असते. पाते किती चांगले कापते, हा प्रश्न निराळाच आहे आणि त्याचे उत्तर किमतीवरून मिळत नाही.

या वर्गातला सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे 'सेबेंझा'. मूळचे दक्षिण आफ्रिकेतले कारागीर ख्रिस रीव्ह १९८९ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झाले आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हा चाकू बाजारात आणला. नावाचे मूळ झुलू भाषेतल्या 'काम' या अर्थाच्या शब्दात आहे. टायटॅनियमचे दोन सपाट पाट, त्यांच्यामध्ये पाते, पात्यावर अंगठ्याने उघडण्यासाठी एक खुंटी आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप, एवढाच त्याचा संसार. दिसायला इतका साधा, की किंमत ऐकून माणूस चाकू पुन्हा उलटसुलट करून पाहतो. सध्याच्या 'सेबेंझा ३१' या आवृत्तीतल्या लहान चाकूचे पाते सुमारे साडेसात सेंटिमीटरचे, तर मोठ्याचे सुमारे नऊ सेंटिमीटरचे आहे. लहान चाकूसुद्धा चारशे डॉलरच्या वर जातो. टपाल आणि सीमाशुल्क धरले, तर हिशेब चाळीस हजार रुपयांच्या घरात पोहोचतो.

या चाकूचे खरे वैशिष्ट्य त्याच्या लॉकमध्ये आहे. मुठीच्या एका पाटालाच लांब चीर देऊन एक पट्टी मोकळी केलेली असते. पाते पूर्ण उघडताच ही पट्टी आतल्या बाजूला सरकते आणि पात्याच्या बुडाशी टेकते. पट्टी बाजूला सारल्याशिवाय पाते मिटत नाही. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने १९८० च्या दशकात मुठीच्या आत पातळ पत्र्याचे असेच लॉक बसवले होते. रीव्ह यांनी वेगळा पत्रा काढून टाकला आणि मुठीलाच लॉक केले. आपण चाकू घट्ट धरतो, तेव्हा आपल्याच बोटांचा दाब त्या पट्टीवर पडतो आणि लॉक अधिक पक्के बसते. 'फ्रेम लॉक' या नावाने ही रचना पुढे जगभर पसरली. तिची एक अडचण अशी, की टायटॅनियम पोलादावर घासले की चिकटते आणि झिजते. म्हणून नव्या आवृत्तीत पट्टीच्या टोकाशी सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवली आहे. पात्याला तीच टेकते, त्यामुळे झीज कमी होते.

बिजागरीचे महत्त्व अडकित्ता वापरणाऱ्याला वेगळे सांगायला नको. खीळ सैल झाली की पाते कितीही धारदार असो, सुपारी सटकते. खीळ जास्त आवळली की हात दुखतो. बहुतेक घडीच्या चाकूंमध्ये स्क्रू किती आवळायचा, हे असेच अंदाजाने ठरवावे लागते. सेबेंझाच्या आसाभोवती अचूक मापाची एक नळी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना ब्राँझच्या चकत्या. स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब नळीवर येतो, पाते मोकळेच फिरते. डोळ्यांना न दिसणारी ही अचूकता साधायला यंत्रावरचा वेळ आणि कारागिराची तपासणी लागते. वाढीव डॉलर मुख्यतः तिथे खर्च होतात. चाकूबरोबर स्क्रू उघडण्याचे हत्यारही दिले जाते. मालकाने चाकू खोलून स्वच्छ करावा, हे निर्मात्याने गृहीतच धरलेले आहे.

आता पोलाद. अमेरिकेतील क्रुसिबल कंपनीने २००१ च्या सुमारास 'एस ३० व्ही' हे पोलाद खास चाकूंसाठी काढले आणि त्याच्या घडणीत रीव्ह यांचा सल्ला होता. वितळलेल्या पोलादाची भुकटी करून ती उष्णतेने आणि दाबाने पुन्हा एकजीव करायची, अशी त्याची रीत. त्यामुळे व्हॅनेडियमचे अतिकठीण कण पोलादात बारीक आणि सारखे विखुरतात व धार दीर्घकाळ टिकते. त्याच वंशात पुढे 'एस ३५ व्हीएन' आणि 'एस ४५ व्हीएन' आली. २०२१ मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेले 'मॅग्नाकट' आले. गंज न धरता चिवट राहण्याची त्याची ख्याती आहे. ही नावे पात्यावर कोरलेली असतात. ग्राहक ती वाचतो आणि समाधान पावतो.

पण आपल्याकडच्या लोहारालाही ठाऊक असते, की पोलादाइतकेच महत्त्व त्याला दिलेल्या पाण्याला असते. तेच पोलाद कमी तापवून विझवले, तर मऊ राहते आणि धार वळते. फार कठीण केले, तर धारेचे टवके उडतात. रीव्ह यांनी 'एस ३० व्ही' मुद्दाम ५८-५९ रॉकवेल इतकेच कठीण ठेवले होते. हौशी मंडळींनी त्यावर बरीच टीका केली, कारण इतर निर्माते त्याच पोलादाला ६० च्या वर नेत असत. मालकाला घरी धार लावता यावी आणि पात्याचे टवके उडू नयेत, हा रीव्ह यांचा विचार होता. कठिणतेच्या आकड्यावर चाकू तोलणाऱ्यांना तो पटला नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही; पण कठिणता सांगितल्याविना नुसते पोलादाचे नाव सांगणारा विक्रेता अर्धीच माहिती देत असतो, हे या वादातून स्पष्ट झाले.

याहूनही दुर्लक्षित बाब म्हणजे पात्याची जाडी. फ्रान्सच्या सव्वा प्रांतात १८९० पासून बनणारा लाकडी मुठीचा 'ओपिनेल' घ्या. त्याचा आठ क्रमांकाचा चाकू युरोपात पंधरा युरोच्या आसपास मिळतो. पाते साडेआठ सेंटिमीटर लांब आणि पाठीशी दोन मिलिमीटरहूनही पातळ, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. सेबेंझाच्या पात्याची पाठ तीन मिलिमीटर वा त्याहून जाड. सफरचंद कापताना पातळ पाते सरळ आरपार उतरते. जाड पाते अर्ध्यावर पाचरीसारखे अडते आणि फोड कापली जाण्याऐवजी फुटते. धार कितीही तीक्ष्ण असली तरी जाडी लपत नाही. म्हणून चाकू निवडताना धारेच्या जरा वर, जिथून पाते जाड होऊ लागते, तिथली जाडी पाहावी. फळे, भाजी आणि कागद यांपुरतेच काम असेल, तर ओपिनेल या बाबतीत सरस आहे, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे. लाकडी मूठ ओलाव्याने फुगते आणि पावसाळ्यात पाते उघडताना जोर करावा लागतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

दुकानात वा मित्राच्या हातात असा चाकू पाहायला मिळाला, तर काही गोष्टी तिथल्या तिथे तपासता येतात. मिटलेले पाते दोन पाटांच्या बरोबर मध्ये बसते का? उघडल्यावर टोक धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवले, तर खुटखुट जाणवते का? लॉकची पट्टी पात्याच्या बुडाच्या कडेलाच टेकत असेल, तर पकड अपुरी. पार पलीकडच्या बाजूला गेली असेल, तर झीज झाली आहे असे समजावे. मग बोटे पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून पात्याची पाठ जाड पुस्तकावर हळूहळू दाबावी. आपटून पाहू नये. त्याने लॉकची परीक्षा होण्याऐवजी लॉक बिघडते. एवढ्या दाबाने पाते मिटू लागले, तर किंमत काहीही असो, तो चाकू घेऊ नये. लॉक निसटले की पाते थेट बोटांवरच येते. फ्रेम लॉक मिटवताना अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत असतो, तेव्हा हा सराव सावकाश करावा. डावखुऱ्यांनी त्यांच्यासाठीची वेगळी रचना मागवावी. उजव्या हातासाठीचे लॉक त्यांना अवघड जाते.

क्लिपची गंमत अशी, की १९८१ मध्ये अमेरिकेच्या स्पायडर्को कंपनीने ती घडीच्या चाकूला लावली आणि तेव्हापासून चाकू खिशाच्या तळातून काठावर आला. सोय झाली, पण तो लोकांना दिसूही लागला. मुंबईच्या लोकलमध्ये खिशाच्या काठावर चमकणारी चाकूची क्लिप कोणाला कशी वाटेल, हा विचार आयडाहोमध्ये कोणी केला नसणार.

धार लावण्याचा प्रश्नही इथे वेगळा आहे. गल्लीतून फिरणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर असे पाते कधीही देऊ नये. चाकाच्या घर्षणाने पातळ धार तापते आणि तिचे पाणी उतरते. व्हॅनेडियमचे कण साध्या निसण्याहून कठीण असल्याने हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. कंपनी जुने चाकू दुरुस्त करून आणि नव्याने धार लावून देते, ही या किमतीतली मोठी जमेची बाजू. परंतु भारतातून आयडाहोला चाकू पाठवून तो परत मागवणे म्हणजे खर्च आणि खटाटोप. इथल्या ग्राहकासाठी ती बाजू अर्धी तरी वजा करावी लागते.

राहिला कायदा. शस्त्र नियम, २०१६ नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. खिशातला चाकू या मापाच्या जवळपासही जात नाही. तरी निश्चिंत होऊ नये. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाचे, गरारीदार आणि अन्य यांत्रिक रचनेने उघडणारे वा मिटणारे चाकू पाते ७.६२ सेंटिमीटर लांब व १.७२ सेंटिमीटर रुंद असेल तिथून पुढे निर्बंधाखाली आणले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वा जिल्हाधिकारी ठरावीक मुदतीसाठी चाकू बाळगण्यास मनाई करू शकतात. असे मनाई आदेश वेळोवेळी निघतात आणि तेव्हा पात्याची लांबी किंवा चाकूची किंमत कोणी विचारत नाही.

परदेशात तर ज्या लॉकसाठी पैसे मोजले तेच आड येते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूला सार्वजनिक ठिकाणी बाळगण्याची मुभा दिली. पण पाते उघडे अडकून राहत असेल, तर तो घडीचा चाकू मानायचा नाही, असा निर्णय तिथल्या न्यायालयाने पुढे दिला. सबळ कारणाशिवाय सेबेंझा खिशात ठेवून लंडनमध्ये फिरणे म्हणजे गुन्हा. जर्मनीत एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू बाळगण्यावर २००८ पासून निर्बंध आहेत. ओपिनेललाही लॉकची फिरती कडी आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याचीही सुटका नाही. विमानप्रवासात तर दोन्ही चाकू केबिनऐवजी सामानात जमा होणाऱ्या बॅगेतच ठेवावे लागतात. हातातल्या बॅगेत विसरून राहिला, तर सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर पंधरा युरोंचा आणि चाळीस हजारांचा चाकू सारखाच जप्त होतो.