संगणकातली कात्री

जत्रेची चित्रे आपण मोबाइलवर घेतो. पण तेवढ्याने चित्रपट होत नाही. नको तो भाग कापावा लागतो, हवा तो जोडावा लागतो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्या काळी फीत कात्रीने कापीत. आता हे काम संगणकावर होते. त्याचे सॉफ्टवेअर म्हणजे संगणकातली कात्रीच समजा.

मग कोणते घ्यावे? त्यासाठी कर्ज काढू नये. ‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाइव्ह’ फुकट मिळतात. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची एक आवृत्तीही फुकट आहे, पण तिला दमदार संगणक लागतो. बैलाचा दम पाहूनच आपण गाडी भरतो ना? तसेच हे.

काही फुकटची साधने आपल्या चित्रावर स्वतःचा शिक्का मारतात. म्हणून आधी लहानसा तुकडा जोडून पाहू. हात बसला, की मग पैशाचे बघू.