चित्तोद्वेगाचे मापन : प्रश्नावली आणि प्रश्नपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या, व्याधितरूपीय अध्यायात दोन प्रकारच्या रुग्णांचे वर्णन आहे. एकाचा व्याधी गुरू असतो. परंतु सत्त्व, बल व शरीरसंपदा उत्तम असल्याने तो लघुव्याधित भासतो. दुसऱ्याचा व्याधी लघू असतो. परंतु सत्त्वादी हीन असल्याने तो गुरुव्याधित भासतो. वरवर पाहून निर्णय करणारा वैद्य दोघांच्याही चिकित्सेत चुकतो. चित्तोद्वेगाचे रुग्ण तपासताना या अध्यायाची आठवण आम्हांस वारंवार होते.

चित्तोद्वेगाची गणना चरकाचार्यांनी रज-तमोजन्य मानस विकारांत केली आहे. आधुनिक शास्त्रातील चिंताविकारांशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. मात्र दोन्ही संज्ञा सर्वांशी एक नव्हेत. ज्वर तापमापकाने मोजता येतो. चिंता मोजण्यास असे उपकरण नाही. म्हणून रुग्णाने स्वतः भरावयाच्या प्रश्नावल्या प्रचारात आल्या. आज आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत आणि रुग्णवृत्तांतांत त्यांचे गुणांक सर्रास आढळतात. हे गुणांक कितपत विश्वसनीय असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमचा एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन शिक्षिका आमच्याकडे चिकित्सेस आल्या. अकारण धास्ती, छातीत धडधड, निद्रानाश ही लक्षणे होती. प्रश्नावलीचा गुणांक १६ आला. सहा आठवड्यांच्या चिकित्सेनंतर तो ६ झाला. आम्हांस समाधान वाटले आणि रुग्णवृत्तांत लिहावयास घेतला. पुढच्या भेटीत त्यांची कन्या सोबत होती. ती सहज म्हणाली, "आई अजून रात्र रात्र जागीच असते." आम्ही चकित होऊन बाईंना विचारले. त्या संकोचाने म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही इतकं मन लावून औषध देता. तुमच्या समोर बसून 'काही फरक नाही' असं कसं लिहायचं?"

दोन्ही वेळा कागद आमच्याच टेबलावर, आमच्या देखत भरला गेला होता. त्यांना बाहेर एकांतात बसवून तो पुन्हा भरून घेतला, तेव्हा गुणांक १३ आला. लिहीत असलेला वृत्तांत आम्ही बाजूस ठेवला. दोष प्रश्नावलीचा नव्हता, विचारण्याच्या पद्धतीचा होता. तो वृत्तांत छापला गेला असता तर अन्य वैद्यांनी त्यावर विसंबून औषधयोजना केली असती, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात; ते भिन्न आहेत. एखादा वजनकाटा दर वेळी अर्धा किलो अधिक दाखवीत असेल, तर तो सातत्य राखतो, म्हणजे विश्वसनीय आहे. परंतु खरे वजन दाखवीत नाही, म्हणजे सप्रमाण नाही. प्रश्नावलीस दोन्ही कसोट्या लागतात.

१९५९ मध्ये हॅमिल्टन यांनी मांडलेल्या १४ मुद्द्यांच्या श्रेणीत गुण चिकित्सक देतो. स्पीलबर्गर यांच्या प्रश्नावलीत २० विधाने तात्कालिक चिंतेविषयी व २० चिंताशील स्वभावाविषयी असतात. बेक यांच्या १९८८ च्या २१ मुद्द्यांच्या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणांचा भरणा अधिक आहे. त्यामुळे हृद्रोग वा थायरॉईडच्या विकारातही गुणांक वाढू शकतो. याउलट झिग्मंड व स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयीन रुग्णांसाठी केलेल्या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणे हेतुपुरस्सर टाळली आहेत.

व्यवहारात सोयीची म्हणजे २००६ मध्ये स्पिट्झर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली जीएडी-७. तीत मागील दोन आठवड्यांविषयी सात प्रश्न असून प्रत्येकास ० ते ३ गुण, एकूण २१. ५, १० व १५ या सौम्य, मध्यम व तीव्र चिंतेच्या सीमा मानल्या जातात. अमेरिकेतील १५ प्राथमिक उपचार केंद्रांतील २७४० रुग्णांवर ती पारखली गेली. अंतर्गत सुसंगती ०.९२ व पुनर्चाचणीतील सातत्य ०.८३ आढळले. १० ही सीमा धरता सर्वंकष चिंताविकाराचे ८९ टक्के रुग्ण ओळखले गेले आणि तो विकार नसलेल्यांपैकी ८२ टक्के योग्य रीतीने वगळले गेले.

हे आकडे उत्तम आहेत. पण त्यांचा अर्थ नीट लावावा लागतो. समजा, शंभर रुग्णांपैकी दहांना हा विकार आहे. त्यांतील नऊ जण प्रश्नावलीत सापडतील. उरलेल्या नव्वदांपैकी सुमारे सोळा जणांचाही गुणांक दहावर जाईल. म्हणजे पंचवीस जणांपैकी प्रत्यक्ष विकार नऊ जणांनाच! इतर सोळांपैकी काहींना भयाचे झटके वा अन्य चिंताविकार असू शकतील. काहींना कोणताही नसेल. शिवाय निदानासाठी सहा महिन्यांचा इतिहास लागतो, प्रश्नावली मात्र दोन आठवड्यांचेच विचारते. तात्पर्य, गुणांक म्हणजे निदान नव्हे. तो पुढील परीक्षणाचा संकेत होय.

भाषेचा प्रश्न

आपला रुग्ण 'मला चिंता आहे' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, "जीव घाबरतो", "पोटात गोळा येतो", "उगाच हुरहूर लागते". इंग्रजी प्रश्नाचे शब्दशः भाषांतर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून भाषांतर एकाने करावे, दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत आणावे, आणि दोन्ही ताडून पाहावीत. ऐनवेळी तोंडी भाषांतर करून विचारल्यास दर वेळी शब्द बदलतात आणि सातत्य संपते.

वैद्यबंधूंस नम्र सूचना

१. प्रश्नावली रुग्णाने एकांतात भरावी. चिकित्सक समोर नसावा. वाचता न येणाऱ्यास त्रयस्थाने तीच वाक्ये, त्याच क्रमाने वाचून दाखवावीत.

२. रुग्ण बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर येतो आणि त्यानंतर औषधाविनाही काहीसा उतार पडतो. यास्तव तुलनेचा गट नसताना 'पूर्वी व नंतर'च्या गुणांकांचे श्रेय एकट्या औषधास देऊ नये.

३. एक-दोन गुणांच्या फरकास उपशय म्हणू नये. २०२० च्या एका जर्मन अभ्यासात जीएडी-७ मध्ये सुमारे ४ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला आहे.

४. थायरॉईड, पांडू, हृद्गती, चहा-कॉफीचे प्रमाण आणि चालू औषधे अवश्य पाहावीत.

५. जीएडी-७ मध्ये आत्मघाताच्या विचारांविषयी प्रश्न नाही. तो आपण स्वतः विचारावा व गरज भासल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे.

वाग्भटाचार्यांनी दर्शन व स्पर्शनासमवेत प्रश्नास रुग्णपरीक्षणात स्थान दिले आहे. प्रश्नावली ही त्या प्रश्नपरीक्षेचीच लेखी शाखा होय. चरकाचार्य भयाचे अनुमान विषादावरून करावयास सांगतात. म्हणजे रुग्णाच्या शब्दांबरोबर त्याचा चेहराही वाचावयाचा आहे. कागदावरील ६ आणि रात्रीचे जागरण यांत विरोध दिसेल, तेव्हा वैद्याने कागद बाजूस ठेवून पुन्हा विचारावे. लघुव्याधित भासणारा गुरुव्याधित तेथेच सापडतो.